कर्ण आणि अर्जुन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाभारतातल्या या दोघांबद्दल येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सक आवृत्ती धरून दिली आहेत. इतर पाठांत वेगळे काही असेल तर तसे तिथेच सांगितले आहे. प्रश्नांना क्रमांक आहेत, कारण एका उत्तराचा धागा बरेचदा दुसऱ्यात सापडतो.

१. चिकित्सक आवृत्ती म्हणजे काय? घरातल्या महाभारतापेक्षा ती वेगळी कशी?

महाभारताची हस्तलिखिते काश्मीरपासून केरळपर्यंत वेगवेगळ्या लिप्यांत होती आणि प्रत्येक प्रदेशात मजकुरात भर पडत गेली. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये ही हस्तलिखिते ताडून पाहण्याचे काम हाती घेतले. १२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. १९२५ पासून वि. स. सुखटणकर प्रमुख संपादक होते, १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाले आणि अखेरचे काम १९६६ मध्ये संपले. जो मजकूर सर्व शाखांत सापडतो तो वर छापला आणि एखाद्याच शाखेत असलेला तळटीपांत किंवा परिशिष्टांत गेला. म्हणजे काहीही फेकून दिलेले नाही. "चिकित्सक आवृत्तीत नाही" याचा अर्थ "मुख्य पाठात नाही" एवढाच घ्यायचा.

घरोघरी असतो तो बहुधा नीलकंठ चतुर्धरांचा पाठ किंवा त्यावरून केलेला अनुवाद. नीलकंठ सतराव्या शतकातले, घराणे गोदाकाठच्या कोपरगावचे, टीका लिहिली काशीत. त्यांचा पाठ जास्त भरलेला आहे. त्यामुळे अध्यायांचे क्रमांक जुळत नाहीत: कर्णपर्व नीलकंठी पाठात ९६ अध्यायांचे, चिकित्सक आवृत्तीत ६९ अध्यायांचे. कर्णवध पहिल्यात ९१ व्या अध्यायात येतो, दुसऱ्यात ६७ व्या. संदर्भ तपासताना सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. कुणी नुसता "कर्णपर्व, अध्याय ९१" म्हणाले तर आधी कोणता पाठ ते विचारा.

२. कर्णाचे खरे नाव काय?

अधिरथ आणि राधा यांनी ठेवलेले नाव वसुषेण. राधेचा म्हणून राधेय. अंगावरचे कवच स्वतः कापून दिल्यावर तो वैकर्तन म्हणवला गेला. कुंतीने ज्या पेटीत त्याला सोडले तिचा प्रवासही वनपर्वात नीट दिला आहे: अश्वनदीतून चर्मण्वतीत, तिथून यमुनेत, मग गंगेत आणि शेवटी अंगदेशातल्या चंपानगरीजवळ. चर्मण्वती म्हणजे आजची चंबळ आणि चंपा म्हणजे बिहारमधल्या भागलपूरचा परिसर. पुढे दुर्योधनाने त्याला राज्य दिले तेही याच अंगदेशाचे.

३. द्रोणांनी कर्णाला शिकवायलाच नकार दिला होता ना?

नाही. आदिपर्वात द्रोणांकडे येणाऱ्या शिष्यांत राधेयाचे नाव आहे आणि तिथेच त्याची अर्जुनाशी स्पर्धा सुरू झाल्याचेही सांगितले आहे. द्रोणांनी नाकारले ते ब्रह्मास्त्र. ही हकिकत शांतिपर्वात नारद सांगतात. अर्जुनाशी बरोबरी करायची म्हणून कर्णाने ते अस्त्र एकांतात मागितले. व्रतस्थ ब्राह्मण किंवा तप केलेला क्षत्रिय यांनाच ते मिळते, असे द्रोण म्हणाले. मग तो महेंद्र पर्वतावर परशुरामांकडे गेला आणि आपण भार्गव ब्राह्मण आहोत असे सांगितले. त्या खोट्याची किंमत प्रश्न ११ मध्ये.

४. राजपुत्रांनी शस्त्रविद्या दाखवली त्या रंगभूमीवर, म्हणजे आखाड्यात, दोघांची लढाई झाली का? कोण जिंकले?

झालीच नाही. अर्जुनाने करून दाखवलेले सारे कर्णाने करून दाखवले आणि द्वंद्व मागितले. कृपाचार्यांनी कुळ विचारले. कर्णाची मान खाली गेली. दुर्योधनाने तिथल्या तिथे त्याला अंगराज केले. एवढ्यात म्हातारा अधिरथ काठी टेकत, घामाने निथळत आत आला. कर्णाने धनुष्य बाजूला ठेवले आणि अभिषेकाने ओले झालेले मस्तक त्याच्या पायांवर ठेवले. नुकताच राजा झालेला माणूस भर सभेत सारथ्याच्या पाया पडतो, आणि त्याच क्षणी भीम म्हणतो, "हातात चाबूक घे, तोच तुला शोभतो." सूर्य मावळला आणि सभा मोडली. कर्ण कळायला हा एकच प्रसंग वाचायचा असेल तरी पुरे.

५. द्रौपदी स्वयंवरात "मी सूताला वरणार नाही" म्हणाली का?

हे वाक्य नीलकंठी पाठात आहे, चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही. काही हस्तलिखितांत तर कर्णाचा नेम केसभराने हुकतो. मुख्य पाठात पुढे ब्राह्मण आपसांत बोलतात की कर्ण, शल्य यांच्यासारख्यांना जे धनुष्य वाकले नाही ते हा बटू काय वाकवणार! म्हणजे तिथे कर्णाचा अपमान झालेला नाही, त्याला स्वयंवराचा पण जिंकता आला नाही इतकेच. त्यानंतरच्या मारामारीत ब्राह्मणवेषातल्या अर्जुनाशी तो लढला आणि ब्रह्मतेजापुढे माघार घेतली.

या एका वाक्यावर पुढच्या सगळ्या वैराचा डोलारा उभा करणारी भाषणे आपण ऐकतो. तो पाया ठिसूळ आहे. द्यूतसभेतले कर्णाचे वागणे या "सूडा"ने माफ करता येत नाही (प्रश्न ६).

६. द्यूतसभेत कर्ण नेमके काय बोलला?

सौम्य करून सांगण्यासारखे ते नाही. विकर्णाने द्रौपदीची बाजू घेतली तेव्हा कर्णाने त्याला पोरकट ठरवून गप्प केले. पाच पतींची म्हणून द्रौपदीला कुलटा म्हटले, आणि पांडवांची व तिचीही वस्त्रे उतरवून घे असे दुःशासनाला त्यानेच सांगितले. हे सभापर्वात स्पष्ट आहे आणि कोणत्याही पाठाने त्याला यातून सोडवलेले नाही.

त्याच पर्वात पुढे तोच कर्ण म्हणतो की बुडणाऱ्या पांडवांना ही पांचाली नाव होऊन पार घेऊन गेली. दोन्ही वाक्ये एकाच तोंडची आहेत. एक गाळून दुसरे सांगू नये. तसेच द्रौपदी दुर्योधनाला "आंधळ्याचा पोर आंधळा" म्हणाली हेही सभापर्वात नाही. तो पाण्यात पडला तेव्हा हसणाऱ्यांत तिचे नाव येते ते नंतर, दुर्योधनाने बापाला सांगितलेल्या गाऱ्हाण्यात.

७. द्रौपदीचे कर्णावर प्रेम होते म्हणतात, ते कुठे आहे?

व्यासांच्या संहितेत नाही. महाराष्ट्रात हे आपल्याला माहीत आहे ते जांभूळ आख्यानामुळे. आपले लोककलावंत ते गातात आणि त्यात द्रौपदी मनातला सहावा पुरुष कबूल करते. लोकपरंपरेची ही स्वतंत्र निर्मिती आहे आणि फार देखणी आहे. ती जांभूळ आख्यान म्हणूनच सांगावी, "महाभारतात असे आहे" म्हणून नव्हे. हाच न्याय वृषाली या नावाला. कर्ण कृष्णाला सांगतो की अधिरथाने माझी लग्ने लावून दिली, पण बायकोचे नाव त्यात येत नाही. मृत्यूच्या वेळी कृष्णाला सोन्याचा दात काढून दिल्याची गोष्टही लोककथेतलीच.

८. कवचकुंडले असती तर कर्ण हरलाच नसता, हे खरे ना?

कवचकुंडले असतानाही तो मागे हटलेला आहे. घोषयात्रेत, म्हणजे पांडव वनवासात असताना कौरव गोधन पाहण्याच्या निमित्ताने वनात गेले तेव्हा, चित्रसेन गंधर्वाच्या सैन्याने त्याचा रथ मोडला, तो विकर्णाच्या रथावर चढून निघून गेला आणि दुर्योधन पकडला गेला. त्याला सोडवले भीम-अर्जुनांनी. इंद्राने कवच मागितले ते त्यानंतर, वनवासाची बारा वर्षे संपताना. कवचाने जीव वाचला असता, विजय मिळालाच असता असे नाही.

दानाची बाजूही नीट वाचायला हवी. सूर्याने स्वप्नात येऊन आधीच बजावले होते. ब्राह्मण म्हणजे इंद्र हे कर्णाला ठाऊक होते. त्याने बदल्यात अमोघ शक्ती (कधी न चुकणारे भाल्यासारखे अस्त्र) मागितली, आणि अंग कापल्यावर विद्रूप दिसू नये हेही मागून घेतले. यामुळे त्याचे दानशूरपण उणे होत नाही. सगळे कळत असताना स्वतःच्या हाताने अंगाची सालटी काढून देणे सोपे नाही.

९. मग ती शक्ती अर्जुनावर का टाकली नाही?

हाच प्रश्न द्रोणपर्वात सात्यकी विचारतो. तीन कारणे एकत्र आली.

पहिले, शक्तीच्या अटी. ती एकदाच चालणार, मग इंद्राकडे परत जाणार. दुसरी शस्त्रे हाताशी असताना, जिवावर बेतलेले नसताना सोडली तर ती सोडणाऱ्यावरच उलटणार.

दुसरे, कृष्ण. तो सांगतो की दुर्योधन, शकुनी, दुःशासन रोज रात्री कर्णाला "उद्या अर्जुनावर शक्ती सोड" असे सांगत आणि कर्ण होही म्हणे, पण रणात मी त्याला भुलवीत असे. शक्ती शाबूत असेतो अर्जुनाचा रथ त्याच्या समोर उभा करायचा नाही ही कृष्णाची काळजी होती. कृष्णाला झोप नव्हती ती याच पायी.

तिसरे, चौदाव्या दिवसाची रात्र. जयद्रथ पडल्यावरही युद्ध थांबले नाही, अंधारात घटोत्कचाचे बळ वाढत गेले, कौरवसेना मोडू लागली आणि सगळे ओरडू लागले की शक्ती आत्ता वापर, अर्जुनाचे नंतर पाहू. कर्णाने ती घटोत्कचावर टाकली. पांडव रडत होते आणि कृष्ण रथावर आनंदाने नाचला.

१०. कर्ण पहिले दहा दिवस लढला का नाही?

उद्योगपर्वात भीष्म दोन्ही बाजूंच्या योद्ध्यांचे मोजमाप सांगतात, त्यात त्यांनी कर्णाला अर्धरथी, म्हणजे निम्म्याच योग्यतेचा रथी, ठरवले. कारणेही दिली: कवचकुंडले गेली, शाप लागले. द्रोणांनी दुजोरा दिला. चिडून कर्णाने शपथ घेतली की भीष्म जिवंत असेतो लढणार नाही. भीष्म दहाव्या दिवशी पडले, कर्ण अकराव्या दिवशी उतरला. द्रोण पाच दिवस सेनापती, कर्ण सोळावा आणि सतरावा असे दोन दिवस, शल्य अठराव्या दिवशी.

पडलेल्या भीष्मांना कर्ण एकटा भेटायला गेला. तू कुंतीचा हे मला ठाऊक होते, तुझे तेज कमी व्हावे म्हणून कठोर बोललो, असे तेव्हा भीष्मांनीच सांगितले.

११. शाप किती आणि कोणते?

दोन. परशुरामांचा: खोटे बोलून मिळवलेले ब्रह्मास्त्र बरोबरीच्या शत्रूशी लढताना, मृत्यूच्या वेळी आठवणार नाही. एका ब्राह्मणाचा: ऐन लढाईत भूमी चाक गिळेल, कारण कर्णाच्या बाणाने चुकून त्याचे गोधन मारले गेले.

गुरू मांडीवर झोपलेले असताना मांडी पोखरणारा किडा कोण, यावर संहितेतच दोन मते आहेत. कर्णपर्वात कर्ण स्वतः शल्याला सांगतो की अर्जुनाच्या हितासाठी इंद्रच किड्याच्या रूपात आला. शांतिपर्वात मात्र तो भृगूच्या शापाने किडा झालेला असुर आहे. वादात पडण्याआधी समोरचा कोणत्या पर्वाबद्दल बोलतो आहे ते पाहा.

१२. दोघे समोरासमोर किती वेळा आले?

मुख्य गाठी अशा. स्वयंवरात (प्रश्न ५) कर्णाने माघार घेतली. विराटाच्या गोग्रहणात (कौरवांनी त्याच्या गायी पळवल्या तेव्हा) अर्जुनाने एकट्याने, विराटाचा मुलगा उत्तर सारथी असताना, कर्णाला दूर सारले आणि त्याचा भाऊ संग्रामजित मारला. युद्धाच्या बाराव्या दिवशी पुन्हा गाठ पडली आणि कर्णाचे भाऊ पडले. चौदाव्या दिवशी जयद्रथाकडे जाताना अर्जुनाने कर्णाचा रथ निकामी केला, तो अश्वत्थाम्याच्या रथावर गेला. आणि सतरावा दिवस (प्रश्न १६). पारडे अर्जुनाकडे झुकते हे मान्य करावे लागते. भीमाशी मात्र चौदाव्या दिवशी कर्ण अनेकदा हटला आणि शेवटी कर्णानेच भीमाला नामोहरम करून, धनुष्याच्या टोकाने टोचून, सोडून दिले.

१३. सोडून का दिले?

कुंतीला दिलेल्या शब्दामुळे. युद्धाआधी गंगेच्या काठी ती आली तेव्हा कर्ण म्हणाला की अर्जुन सोडून चौघांना मारणार नाही. तुझे पाच पुत्र पाचच राहतील, एक तर अर्जुनासह किंवा माझ्यासह. चौदाव्या दिवशी सहदेव आणि भीम, सोळाव्या दिवशी नकुल, सतराव्या दिवशी युधिष्ठिर: चौघेही त्याच्या हाती सापडले आणि चौघांनाही त्याने जिवंत सोडले. सोडताना प्रत्येकाला टोचून बोलला, हेही खरे.

१४. अभिमन्यूला मारणारा कर्णच का?

शेवटचा घाव दुःशासनाच्या मुलाच्या गदेचा. तेराव्या दिवशी जयद्रथाने व्यूहाचे तोंड अडवून चार पांडवांना बाहेर ठेवले, आत अभिमन्यू एकटा. त्याला रोखायचे कसे हे कर्णाने द्रोणांना विचारले. द्रोण म्हणाले, धनुष्य तोडा, घोडे मारा, रथहीन करा. धनुष्य कर्णाने तोडले, घोडे कृतवर्म्याने मारले, बाजूचे सारथी कृपांनी. जबाबदारीत कर्णाचा वाटा नक्की आहे. सुभद्रेच्या पोटात असताना अभिमन्यूने व्यूह ऐकल्याची कथा द्रोणपर्वात नाही. "मला वडिलांनी भेदायला शिकवले, बाहेर पडायला नाही" असे तो सरळ सांगतो.

१५. शल्य मुद्दाम कर्णाचे खच्चीकरण करत होता का?

हो, आणि तसा शब्दच त्याने दिला होता. शल्य माद्रीचा भाऊ, नकुल-सहदेवांचा मामा. पांडवांकडे निघालेल्या त्याची वाटेत दुर्योधनाने गुपचूप बडदास्त ठेवली आणि त्याला बांधून घेतले. युधिष्ठिराने मग विनवले की कर्णाचा सारथी होशील तेव्हा त्याचे तेज कमी कर. तरीही नागबाणाच्या वेळी शल्यानेच खरा सल्ला दिला (पुढचा प्रश्न).

१६. कर्णवध अधर्म होता का? शेवटी नेमके काय घडले ते क्रमाने सांगा.

कर्णाकडे विजय धनुष्य, अर्जुनाकडे गांडीव. कर्णाचा मुलगा वृषसेन त्याच दिवशी त्याच्या डोळ्यांदेखत अर्जुनाच्या हातून पडलेला. खांडववनात आई गमावलेला अश्वसेन नाग कर्णाच्या बाणात शिरला. शल्य म्हणाला, हा बाण मानेला लागणार नाही, दुसरा जोड. कर्ण म्हणाला, मी दुसऱ्यांदा नेम धरत नाही. कृष्णाने रथ दाबून जमिनीत रुतवला, बाणाने किरीट तेवढा उडवला. नाग परत येऊन म्हणाला, पुन्हा सोड. कर्ण म्हणाला, दुसऱ्याच्या बळावर मला जिंकायचे नाही.

मग चाक रुतले आणि अस्त्र आठवेना. कर्णाने अर्जुनाला धर्माची आठवण देऊन थांबायला सांगितले. उत्तर कृष्णाने दिले: द्रौपदीला सभेत ओढली तेव्हा तुझा धर्म कुठे गेला होता? दोषांची यादी पाठांनुसार लहानमोठी होते, पण द्रौपदी तिच्यात असतेच.

पुढचा भाग बरेच जण विसरतात. कर्ण निःशस्त्र होऊन बसून राहिला नाही. चाक रुतलेले असतानाच तो लढत राहिला, एक बाण अर्जुनाच्या छातीत बसला, अर्जुनाची गांडीवावरची पकड सैल झाली, आणि तेवढ्या उसंतीत कर्ण खाली उडी मारून चाक उचलू लागला. नीलकंठी पाठात पृथ्वी चार बोटे वर आली, चाक मात्र निघाले नाही. अर्जुनाने आधी ध्वज तोडला, मग अंजलिक बाणाने मस्तक.

युद्धाआधी ठरलेल्या नियमांनुसार रथाखाली उतरलेल्याला मारणे बसत नाही, म्हणून अधर्म म्हणावे लागते. मात्र तो असावध, शरण आलेला माणूस नव्हता, चालू द्वंद्वातला प्रतिस्पर्धी होता. आमचे मत: अर्जुनाने नियम मोडला आणि कर्णाला त्याची तक्रार करण्याचा नैतिक हक्क उरला नव्हता. दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

१७. मुलीला शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत कर्णावर बोलायचे आहे. पाच मिनिटांत काय घ्यावे?

पाच मिनिटे म्हणजे फार तर सहाशे शब्द. जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळे सांगू गेले की भाषण यादी होते. तीन प्रसंग पुरे: अधिरथाच्या पायांवरचे ओले मस्तक (४), कुंतीची भेट (१३), अश्वसेनाला नकार (१६). द्यूतसभेचे एक वाक्य तरी ठेवा, म्हणजे परीक्षकांना कळेल की तिने ग्रंथ वाचला आहे. सोन्याचा दात आणि "सूताला वरणार नाही" हे टाळा, किंवा "लोककथेत", "एका पाठात" असे म्हणून घ्या.

१८. कर्ण आपला भाऊ असेल अशी शंका युधिष्ठिराला कधीच आली नाही का?

आली, पण ओळखता आली नाही. कळले ते युद्ध संपल्यावर, गंगेवर तिलांजली देताना, कुंतीने सांगितले तेव्हा. शांतिपर्वाच्या सुरुवातीला तो नारदांजवळ बोलतो: द्यूतसभेत कर्णाची कडवट बोलणी ऐकून माझा राग उफाळत असे, पण त्याच्या पायांकडे नजर गेली की तो शमे. ते पाय आईच्या पायांसारखे होते. असे का, याचा शोध मी घेत राहिलो, कारण सापडले नाही.

स्वर्गारोहणपर्वातही तो पहिल्यांदा कर्णाचीच चौकशी करतो. त्याला नरकाच्या वाटेने नेतात. अंधारात ओळखीचे आवाज थांब म्हणतात, तो विचारतो, कोण तुम्ही? उत्तर येते: मी कर्ण, मी भीमसेन, मी अर्जुन.